बुढ्याचं मडकं

ब्रह्मपुरी, १८ नोव्हेंबर २००७

प्रिय आरिफ,

आपाचा सलाम आणि संस्कृतच्या बाईंचा आशीर्वाद, दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. अमेरिकेचं तिकीट महाग आहे.

तेरा महिन्यांनी तुझं पत्र आलं. आपल्या अंजुमच्या मातीला तू आला नाहीस, म्हणून मी तुझा फोन उचलला नाही. पाच-सहा वेळा वाजवून तूही थांबलास. आता पाकिटात पत्र दीड पान आणि तुझ्या उमेदवाराची पत्रकं नऊ. फोटोत तो सफरचंदाच्या बागेत बाह्या सारून उभा आहे. माणूस दिसायला बरा, आमच्या ग्रंथपालासारखा, पुस्तक परत मागताना लाजणारा. शब्दकोश घेऊन सगळं वाचलं. त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचं आहे, आणि झाल्यावर काय काय करायचं नाही याची त्याने यादी दिली आहे. आमच्याकडे असे कर्मचारी पुष्कळ आहेत, फक्त ते निवडणूक लढवत नाहीत.

चेष्टा पुरे. त्याचे मुद्दे दोन. नशेवर बंदी घालणारे कायदे काढून टाका, कारण माणूस आपल्या शरीराचा मालक आहे. आणि परदेशातल्या फौजा घरी आणा, कारण दुसऱ्याचं भलं बंदुकीने होत नाही. पहिल्या मुद्द्यासाठी तुला माझी दोन पानं हवी आहेत. ती तू इंग्रजीत करून तुमच्या तिकडच्या गावच्या सभेत वाचणार. पहिलं वाक्य तूच लिहून पाठवलंस: ‘माझ्या बहिणीला दारूबंदीच्या कायद्याने मारलं.’

संस्कृतात स्थालीपुलाक नावाचा न्याय आहे. एक शीत दाबून पाहिलं की अख्ख्या भाताची परीक्षा होते. तू अंजुमचं शीत केलंस.

तुझ्या उमेदवाराच्या बाजूने सांगण्यासारखं माझ्याकडे नाही असं नाही. वैनगंगेच्या अलीकडे आमच्या जिल्ह्यात दारू राजरोस, पलीकडे गडचिरोलीत चौदा वर्षं बंदी. त्यामुळे पुलाच्या अलीकडची दुकानं पलीकडच्या तहानेवर गबर झाली. जूनमध्ये नाक्यावरच्या मुखरू होमगार्डने भर दुपारी एक जीप अडवली. जीपवाल्याने ती त्याच्या अंगावरून नेली, थांबला, मागे घेतली आणि पुन्हा नेली. मी मागच्या एसटीत होते. बाटल्या फुटून रस्ताभर विदेशी दारूचा वास, आणि त्यात मुखरू. कायदा नसता तर नाका नसता, नाका नसता तर मुखरू घरी भात खात असता. हे तू वाच, माझी परवानगी आहे.

अंजुमचं मात्र लिहून देणार नाही. गेल्या वर्षी ईदच्या तिसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या कोसमटोल्यात लालसूने तिच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. मी चार हातांवर होते. त्याच्यावर खुनाचा खटला आहे आणि डोळ्यांनी पाहिलेली मुख्य साक्षीदार मी. सरकारी वकील म्हणतात, माझ्या साक्षीवर तो जन्मभर आत जाईल, कदाचित फासावरही. काय पाहिलं ते पोलिसांना सांगितलं आहे. त्याहून जास्त या पत्रात मावणार नाही.

थंडी सांभाळ. बर्फात चालताना खिशातून हात बाहेर ठेव, पडलास तर तोंड वाचेल.

तुझी,
हाजराआपा


ब्रह्मपुरी, १६ डिसेंबर २००७

आरिफ,

‘मग तू कायद्याच्या बाजूची की विरुद्ध, एकदाच सांग,’ असं विचारतोस. अब्बांच्या सायकलच्या दुकानात तू असाच गिऱ्हाइकांना विचारायचास, पंक्चर की नवी ट्यूब, एकदाच सांगा. ते बिचारे फक्त हवा भरायला आलेले असायचे.

तुझ्या उमेदवाराला माझ्याकडून एक प्रश्न विचार. माणूस आपल्या शरीराचा राजा, ठीक. मग बायकोच्या शरीराचा तो कोण?

कोसमटोल्यात मंगली नावाची बाई होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने पिऊन येऊन पाट्याच्या वरवंट्याने तिचं तोंड ठेचलं. जेवणात मीठ कमी होतं म्हणून. अंजुम उपकेंद्राची नर्स. तिला बोलावलं तेव्हा मंगली जिवंत होती. टाके कुठे घालायचे ते अंजुमला कळेना, कारण गाल कुठे संपतो आणि ओठ कुठे सुरू होतो ते उरलंच नव्हतं. मंगली तिच्या मांडीवर गेली. नवरा बाजूला घोरत होता. सकाळी उठून त्याने विचारलं, ‘चाय झाला का?’

त्या दिवसापासून आपली अंजुम बदलली. झुरळाला घाबरणारी पोरगी मुसळ घेऊन फिरू लागली. कायदा कागदावर होता, तिने तो हातात घेतला. करिश्मा म्हणून एक तरतरीत मुलगी तिच्या हाताखाली तयार झाली, आणखी वीस-पंचवीस बायका. शुक्रवारी निघायच्या, ज्या घरी दारू सापडेल तिथलं मडकं फोडायच्या. दोन वर्षांत त्या टोल्यात एकही बाई मार खाऊन उपकेंद्रात आली नाही. हे आकडे तुझ्या पत्रकात नाहीत.

आता तुझा दुसरा मुद्दा, परदेशातल्या फौजांचा. तो मी आधी हसण्यावारी नेला होता.

मंगळवारी साक्षीसाठी गडचिरोलीला निघाले. आरमोरीच्या पुढे आमच्या बसच्या समोर पोलिसांची गाडी होती. मोरीवर आली आणि खालच्या सुरुंगाने उडाली. आवाज मला आठवतच नाही, एवढंच आठवतं की सागाची पानं वरून पडत होती आणि त्यांच्याबरोबर इतर गोष्टीही. सहा पोरं. लातूरकडची, साताऱ्याकडची, या जंगलाचं नावही त्यांनी भरतीच्या कागदावरच वाचलं असेल. एक बूट आमच्या बसच्या पायरीशी येऊन पडला. रिकामा नव्हता. तासाभराने दुसऱ्या गाड्या आल्या. त्यांनी जवळच्या शेतातून धान कापणारी चार माणसं ओढून आणली आणि आमच्या डोळ्यांसमोर रस्त्यावर पालथी घालून तुडवली. एकजण सारखा म्हणत होता, ‘साहेब, मी कापून राह्यलो होतो जी, मी कापून राह्यलो होतो.’ त्याच्या हातात विळा होता, तोच पुरावा ठरला.

तारीख पुढे गेली, एकवीस जानेवारी. चार तास त्या बसमध्ये बसून मी तुझ्या उमेदवाराचं वाक्य घोळवत होते, की दुसऱ्याच्या अंगणात त्याच्या भल्यासाठी हत्यार घेऊन जाऊ नये. अंगण म्हटल्यावर मला इराक दिसेना, सोमारीचं अंगण दिसू लागलं.

म्हणून आता लिहिते. सोमारी ही लालसूची बायको. तिच्या अंगणात जे मडकं आम्ही फोडलं ते विक्रीचं नव्हतं. लालसूने कधी दारू विकली नाही. पोलिसांच्या कागदावर तो ‘सराईत दारूविक्रेता’ आहे, कारण त्यांना तसा सोपा पडतो. त्याचा बाप आठच दिवस आधी वारला होता. त्यांच्या रिवाजात मेलेल्या माणसाला घरात परत बोलावतात, पूर्वजांत बसवतात, आणि त्यासाठी मोहाची दारू लागते. तोवर तो जीव उंबऱ्याबाहेर उभा असतो म्हणे. मडक्याच्या तोंडावर पानांचा द्रोण होता आणि द्रोणात तांदूळ. विकायच्या मडक्यावर कोणी तांदूळ ठेवत नाही. लालसू बापाच्या नावाचा दगड रोवायची जागा साफ करून येत होता, म्हणून हातात कुऱ्हाड. तिथे ती प्रत्येकाच्याच हातात असते, जशी तुझ्या हातात गाडीची किल्ली.

हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. पोलिसांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आपा


ब्रह्मपुरी, ९ जानेवारी २००८

आरिफ,

या वेळी कुरियरने आलास. राग टपालाची वाट पाहत नाही असं दिसतं. आपल्या घरात रागवायचं असलं की हिंदी आणि समजवायचं असलं की मराठी, हा नियम तू अमेरिकेतही पाळतोस हे पाहून बरं वाटलं.

‘मडकं कशाचंही असो, उसने हमारी बहन को मारा, उसको फाँसी होनी चाहिए, और तू कोर्ट में मुँह बंद रख.’

सरकारने काही म्हणजे काही करू नये असं नऊ पत्रकांत सांगणाऱ्या माणसाला सरकारकडून एक फाशी मात्र हवी आहे. तुझ्या उमेदवाराला विचारून घे, यादीत बसते का.

तू विचारतोस, त्या द्रोणाचं आपाला कसं कळलं? कोणी कान भरले? ठाण्यात लालसूने काही सांगितलं असेल, असा तुझा तर्क. लालसू ठाण्यात काही सांगण्याच्या स्थितीत नव्हता. तीन दिवस त्याला आढ्याला टांगलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं दरवाजाच्या फटीत घालून दरवाजा लावला. ती आता पळसाच्या कळीसारखी वाकडी आहेत. चौथ्या दिवशी त्याच सुजलेल्या हाताचा अंगठा कागदावर घेतला. नाही, मला लालसूने सांगितलं नाही. सोमारीने सांगितलं. मडकं फुटायच्या आधी.

आता वाच, आणि उभा असशील तर बस.

मी ईदचा शिरखुर्मा घेऊन अंजुमकडे गेले होते. शुक्रवार होता. ती म्हणाली, ‘आपा, चल की. तुझ्या संस्कृतपेक्षा मजा येते.’ गेले. सगळ्यात पुढे मीच, कारण मी पाहुणी आणि पाहुण्यांना सगळं बघायचं असतं. सोमारीच्या अंगणात मीच पहिली शिरले. मडकं दिसलं, द्रोण दिसला, तांदूळ दिसले. सोमारी माझ्यासमोर आडवी झाली. तिला आमची झाडीपट्टीची मराठी चांगली येते. हात जोडून म्हणाली,

‘बाई, हा आमच्या बुढ्याचा हाय. बुढा मेला. हाताले नोको लावू.’

ऐकू आलं. कळलं. मागून अंजुम आणि बायका येत होत्या. अंजुमने विचारलं, ‘काय म्हणते ती?’

आणि मी काय म्हणाले? वर्गात तीस वर्षं पोरांना हसवत आले. जीभ तयार होती. मी म्हणाले, ‘काही नाही. दारू गाळणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक म्हातारा मेलेलाच असतो.’

सगळ्या हसल्या. करिश्मा तर पोट धरून. अंजुमही हसली, आणि हसत हसत तिने मुसळ उचललं. एका घावात मडकं गेलं. दारू अंगणभर पसरली आणि तांदूळ तिच्यावर तरंगत माझ्या चपलेपर्यंत आले. सोमारी खाली बसली. दोन्ही हातांनी ती दारू गोळा करू लागली, मातीसकट. तेवढ्यात लालसू कुंपणातून आत आला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग हसणाऱ्या बायकांकडे. अंजुमच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. मुसळ तिच्याच हातात होतं.

कुऱ्हाड एकदाच पडली. डोक्याच्या डाव्या बाजूला. ती बसली, जशी थकून बसायची तशी, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘आपा, काहून हसल्या सगळ्या?’ नाकातून रक्त आलं, मग तोंडातून. ब्रह्मपुरीपर्यंत जीपमध्ये तिचं डोकं मी ओढणीने दाबून धरलं होतं. पुलावर माझ्या बोटांना आतलं काहीतरी मऊ लागलं. मी दाबायचं थांबवलं नाही.

लालसू पळाला नाही. कुऱ्हाड खाली टाकून तिथेच उकिडवा बसून राहिला. तिथून पोलिसांनी नेला.

मी ‘बुढ्याचं आहे’ एवढं सांगितलं असतं तर अंजुम थांबली असती. तिने नऊ वर्षं त्यांची बाळंतपणं केली होती, मेलेल्यांचं मडकं तिने कधीच फोडलं नसतं.

आता सांग, कोणी मारलं असं तुझ्या सभेत वाचणार?

आपा


ब्रह्मपुरी, १७ फेब्रुवारी २००८

प्रिय आरिफ,

तुझा उमेदवार पडल्याचं वाचलं. वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. आणि माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही, त्याचं वाईट वाटायचा हक्क मला नाही.

एकवीस तारखेला साक्ष झाली. कोर्टात करिश्मा आणि बायका अंजुमचा हार घातलेला फोटो घेऊन बसल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘दारूबंदीची शहीद’. सरकारी वकिलांनी मला व्हरांड्यात शिकवून ठेवलं होतं, विचारेन तेवढंच बोला.

‘कुऱ्हाड कोणाच्या हातात होती?’

‘लालसूच्या.’

‘वार कोणी केला?’

‘लालसूने.’

‘बस, बाई.’

‘बस नाही, साहेब. अजून आहे.’

वकील म्हणाले, ‘बाई, खाली उतरा.’ न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, ‘बोलू द्या. शिक्षिका आहेत, तास पूर्ण केल्याशिवाय उतरणार नाहीत.’ मग मी सगळं सांगितलं. द्रोण, तांदूळ, सोमारीचं वाक्य आणि माझं वाक्य. लालसूचा फुकट मिळालेला वकील तोवर पेंगत होता. तो उठून बसला.

‘तुम्ही हे बोललात तेव्हा कोण हसलं?’

‘सगळ्या.’

‘मयत?’

‘हो. अंजुमही.’

व्हरांड्यात आले तर करिश्माने माझ्या कानाखाली मारली. चष्मा उडाला. ‘सिस्टरले दुसऱ्यांदा मारलं तुमी!’ दुसरीने केस धरले, तिसरीने पाठीत चप्पल घातली. कोर्टाचा पट्टेवाला मधे पडेस्तोवर मी खाली होते. खालचा ओठ फाटला, चार टाके पडले, त्यामुळे तीन आठवडे वर्गात विनोद बंद होते. पोरं विचारायची, बाई आजारी आहेत का?

आठ तारखेला निकाल लागला. खून नव्हे, मनुष्यवध. सात वर्षं. लालसूने वाकड्या बोटांनी नमस्कार केला, कोणाला ते कळलं नाही.

मला वाटलं, संपलं. बाहेर सोमारी उभी होती. आभार वगैरे नाही. माझ्या ओठाकडे पाहून म्हणाली, ‘लय लागलं का?’ मी मान हलवली. मग म्हणाली, ‘बाई, बुढा अजून बाहेरच हाय.’

कळलं नाही. तिने सांगितलं. दारू सांडल्यामुळे म्हाताऱ्याला घरात घेणं राहून गेलं, आणि लालसू सात वर्षं येत नाही. गाव बसलं होतं, त्यांचाही निकाल लागला. ज्याच्या हाताने सांडलं त्याच्याच घरच्याने आणून ओतावं, त्याशिवाय बुढा आत येत नाही.

‘सांडणारी मेली,’ सोमारी म्हणाली. ‘तिची तुमीच हाव. आना लागते.’

‘सोमारी, आमच्यात दारूला हात लावत नाहीत.’

‘आमच्यात बुढ्याले बाहेर ठेवत नाहीत.’



तर काल मी ब्रह्मपुरीच्या मागच्या वस्तीतून मोहाची एक बाटली मिळवली. बाबूभाई सायकलवाल्याची मुलगी, हाजरा बाई, दारू मागते आहे हे पाहून विकणाऱ्यानेच दार लावून घेतलं; दुसऱ्यांदा ठोठावावं लागलं. बाटली पिशवीत, वरून वह्या. पुलाच्या नाक्यावर बस थांबली. मुखरूच्या जागी नवा होमगार्ड आहे, एकेक पिशवी उलटी करत होता. पुढच्या सीटवरच्या माणसाकडे एक क्वार्टर सापडली, त्याला त्याने कॉलर धरून खाली ओढलं आणि दांडक्याने गुडघे फोडायला सुरुवात केली. माणूस खाली पडला तरी थांबेना. मग घाम पुसत माझ्यापाशी आला. पिशवीत हात घातला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून हात काढला.

‘अंजुम सिस्टरच्या बहीण ना तुमी? बसा जी, बसा.’ आणि सलाम केला.

बाहेर तो माणूस गुडघे धरून ओरडत होता. मी बसले. हे तुझ्या उमेदवाराला कळवू नकोस, तो पुन्हा उभा राहील.

कोसमटोल्यात अंगण सारवलेलं होतं. मला वाटलं होतं शिव्या मिळतील, किंवा कुऱ्हाड. दहा-बारा माणसं भिंतीशी बसली होती. सोमारीने नवं मडकं पुढे केलं. मी ओतली. थोडी माझ्याच मनगटावर आली, आणि मी ती पुसली नाही. पुजाऱ्याने म्हाताऱ्याचं नाव घेतलं, कुसराम, मला ते तोवर माहीतही नव्हतं. खटल्याच्या साडेतीनशे पानांत ते फक्त लालसूच्या नावाला जोडून आलं असेल. उंबऱ्यावर द्रोण ठेवला, थोडी आत शिंपडली, आणि भिंतीशी बसलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, जसा घरचं माणूस प्रवासातून आल्यावर सोडतात.

मी उठायला लागले तर सोमारीने दुसरा द्रोण लावायला घेतला.

‘हा कोणाचा?’

‘तुमच्या बहिणीचा. माह्या अंगणात मेली ना ते. तिले बाहेर ठेवू का?’ तिने मडक्याकडे हात नेला. ‘ओतू का जी?’

जिभेवर एक वाक्य आलं होतं. गिळलं.

‘तिला पाणी दे,’ मी म्हणाले.

सोमारी आत गेली, घागरीतून पाणी आणलं, द्रोण काठोकाठ भरला आणि म्हाताऱ्याच्या द्रोणाशेजारी ठेवला.

तुझी,
हाजराआपा